माळ्याची शिडी

हॅलिफॅक्सच्या विनिफ्रेडबाई एकट्या राहत. दुपारी ग्लिन सुतार त्यांच्या माळ्याला शिडी बसवायला आला. थंडी अडवायला वर लोकरीचा जाड थर घालून त्यावर फळ्यांची नवी जमीन उंच करून बसवली होती, म्हणून शिडी खाली वीतभर तोकडी पडत होती. ग्लिनने तिची चौकट माळ्याच्या तोंडात खाली सरकवून ठोकली आणि तो उतरला.

"झालं बाई! आता चहा पाजा, तोही कडक. मागच्या घरी नुसतं गरम पाणी मिळालं."

बाई हसल्या. तेवढ्यात सगळ्यात वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. शिडीवर कोणीच नव्हतं, पण वजन पडावं तशी एकेक पायरी किंचित वाकत होती.

"नवीन आहे, बसेल हळूहळू," ग्लिन म्हणाला.

शेवटची एक पायरी उरली असताना आवाज थांबला.

बाईंनी शांतपणे त्याची बाही ओढली. "सरक रे बाळा, उजेड अडवू नकोस. शेवटची पायरी दिसत नाही त्याला."

ग्लिन भिंतीला चिकटला. बाईंनी शिडीकडे हात पुढे केला.

तो हात हलकेच खाली दबला.