सुवर्णमहोत्सवी अंक

पांढुर्ण्याच्या 'जामकाठ' साप्ताहिकाला पन्नास वर्षं झाली आणि संपादक भगवंतरावांनी विशेषांक काढायचं ठरवलं. पांढुर्णा जिल्हा झाला तो आपल्या एका जुन्या अग्रलेखामुळे, असं ते अख्ख्या गावाला सांगत आले होते. आता तो अग्रलेख पुन्हा छापून पुरावाच द्यायचा होता. पण कचेरीतले जुने अंक वाळवीने फस्त केलेले. म्हणून त्यांनी वाचकांना हाक दिली, घरात जपलेलं असेल ते आणून द्या.

लोकांनी भरभरून आणलं. कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाचा निवडून आल्याचा हारातला फोटो, कुणाच्या पोरीचा दहावीतला. बातमी एकही नव्हती.

"पाह्यलं का, जयवंता," भगवंतराव बायकोजवळ करवादले, "या गावाले पेपर कायले पाह्यजे, तं आपलं थोबाड पाहाले!"

"अन् आपल्या भिंतीवर काय लटकून राह्यलं?" म्हणत जयवंताबाईंनी त्यांच्या सत्काराच्या फोटोची फ्रेम पुढ्यात ठेवली. तोही 'जामकाठ'मधूनच, त्यांनी स्वतःच्या हाताने कापलेला.

ओशाळलेल्या भगवंतरावांनी तारीख बघायला म्हणून फ्रेम उघडली, कात्रण उलटलं. मागे तोच अग्रलेख होता. फोटोच्या मापाने कैची चालवल्यामुळे निम्माच उरलेला.

मग कात्रण पुन्हा सुलटं करत भगवंतराव म्हणाले,



"फोटो मात्र मस्त आला आहे बरं. पहिल्या पानावर हाच घेऊ."