चढलीच नाही

"वहिनी, ह्याचं विमान उडालंय!" नवऱ्याचे मित्र केळुसकर हसत फोन करायचे, आणि ती निवांत व्हायची. विमान म्हणजे तो आल्याआल्या घोरणार. 'फुल्ल टाइट' म्हणाले तर रडणार, तिच्या पाया पडणार. 'किक बसलीय' म्हणाले, की मात्र ती काचेची भांडी माळ्यावर टाकायची.

आज भर दुपारी फोन आला. केळुसकर हसत नव्हते.

"चार बिअर प्याला, वहिनी, पण चढलीच नाही त्याला. 'आज सोक्षमोक्ष लावतो' एवढंच म्हणाला आणि उठला."

तिने मुलीला शेजारी पाठवलं. स्वतःच्या चपला शोधत होती, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

एरवी त्याची किल्ली कितीतरी वेळ लॅचभोवती खरवडत राहायची. आज पहिल्याच फटक्यात आत गेली.