ऐंशीवरचा काटा

गाडी टँकरच्या बरोबरीला आली आणि तिथेच राहिली. लेकीने पाय आणखी दाबला. काटा ऐंशीवर होता, तो ऐंशीवरून हलेना. समोरून बस येत होती.

शेजारच्या सीटवर तिचे वडील होते. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ही दांडगी गाडी घरी आली त्या दिवसापासून बापलेकीचं वाजलं होतं. रस्त्यावर ऐंशीची मर्यादा, मग तिप्पट वेगाने पळणारं हे धूड हवंय कशाला, हा मास्तरांचा सवाल. हत्तीवर बसून भाजी आणायला जाणार का, असंही त्यांनी विचारून घेतलं होतं. लेक हसून म्हणायची, ताकद पळण्यासाठी नसते, अडचणीतून सुटण्यासाठी असते. मास्तरांना ते काही पटत नव्हतं. पोरगी गाडी घेऊन बाहेर पडली, की ती परत येईपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसायचा.

आईने दोघांपुढे हात टेकले होते. काल मात्र मास्तर आपणहून म्हणाले, गाडी धुवून आणतो. दुपारभर गायब होते. परत आणली तेव्हा गाडी होती तशीच मळकी. पण निदान हात तरी लावला, एवढ्यावरच आई खूश झाली.

आज तिघं मिळून निघाली होती. पुढे टँकर रेंगाळत होता. रस्ता मोकळा बघून लेकीने गाडी बाहेर काढली, अगदी मास्तरांनी शिकवली होती तशी. पण टँकरवाल्याला काय चेव आला कोण जाणे, त्यानेही वेग वाढवला. मागची मोकळी जागा एका जीपने भरून टाकली. आता पुढे सुटणं तेवढं हातात होतं.

"बाबा, ही पळत का नाहीये?"

मास्तरांचा पाय जोरात खाली आपटला. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. इथे नुसतं रबरी पायपुसणं होतं. त्यांनी ते पुन्हा दाबलं.

बस इतकी जवळ आली की ड्रायव्हरचा उघडा जबडा दिसला. मग ती धुरळा उडवत कडेच्या मातीत उतरली आणि हातभर अंतरावरून निघून गेली.

टँकर पुढे गेल्यावर लेकीने गाडी कशीबशी बाजूला घेतली. तिचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. आई मागून तिचे खांदे, मान, डोकं चाचपत होती. पोरगी धड आहे यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

"तुमचंच खरं होतं, बाबा," लेक म्हणाली. "ताकद-बिकद काही नाही. मला चक्क टोपी घातली शोरूमवाल्यांनी. उद्याच परत करते ही गाडी."

झालं ना एकदाचं मनासारखं, असं आई मास्तरांना रडत रडत म्हणाली. मास्तरांचा पाय अजून त्या पायपुसण्यावर तसाच रोवलेला होता.

"गाडीत खोट नाही, पोरी," ते म्हणाले. "काल गॅरेजमध्ये नेऊन, ती ऐंशीच्या वर जाऊच नये, असं मीच करून आणलं."