तीन आकडे आणि एक परिच्छेद

मिसेस प्रुएटनी टेसाचा प्रवेशअर्जाचा निबंध वाचून संपवला, पानं सारखी केली आणि विचारलं, "यात परीक्षेचं काहीच नाही?"

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला टेसा तीनदा बसली होती. चारशे शहाण्णव, चारशे सत्त्याण्णव, पुन्हा चारशे शहाण्णव. पाचशे दहाच्या खाली कुणी दारात उभं करत नाही, हे ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं.

"तिन्ही आकडे प्रवेश समितीपुढे असणारच," मिसेस प्रुएट म्हणाल्या. कॉलेजातल्या मुलांचे अर्ज त्या बावीस वर्षं तपासत होत्या. "तू कारण दिलं नाहीस, तर ते आपल्या मनाने देतील."

मग टेसाने सांगितलं. इतके दिवस तिने हे कुणापाशी काढलं नव्हतं.

तिचे वडील वेंडेल तीस वर्षं टाइलच्या कारखान्यात भट्टीवर होते. आई गेल्यापासून घरात दोघंच. वडिलांना तरुणपणापासून मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. आणि तिन्ही वेळा, परीक्षेच्या आदल्या दिवशी, त्यांची साखर अशी भडकली की त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. दुसऱ्या वेळी तर ते शुद्धीवरही नव्हते. डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी तिला परीक्षेला पिटाळलं होतं. इथे डॉक्टर आहेत, तू जा, एवढंच म्हणाले. इस्पितळाच्या खुर्चीतून उठून ती तशीच तासभर गाडी हाकत कोलंबसला गेली आणि साडेसात तास कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली.

"दर वेळी परीक्षेच्याच तोंडावर?" मिसेस प्रुएटनी विचारलं.

डॉक्टरांच्या मते ताणाने असं होऊ शकतं, टेसा म्हणाली. परीक्षेची धास्ती तिच्यापेक्षा वडिलांनीच जास्त घेतली होती.

मिसेस प्रुएटनी कागद पुढे सरकवला. सहा वाक्यं, त्या म्हणाल्या. रडगाणं नको, डॉक्टरांना दोष नको. काय झालं, तू काय केलंस, त्यातून रुग्णाच्या घरच्यांविषयी काय कळलं, बस्स. आणि चौथ्यांदा परीक्षा दे. वडिलांची तब्येत सांभाळून दे, म्हणजे तुझा खरा आकडा दिसेल.

सहा वाक्यांना टेसाला आठवडा लागला. बापाचं दुखणं आपण विकायला काढलंय, असं दर वाक्याला वाटत होतं. तिने तीनदा ते खोडलं. शेवटी मिसेस प्रुएटनी तो परिच्छेद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की, बावीस वर्षांत इतकं साधं आणि खरं त्यांनी फार थोड्या वेळा वाचलंय. टेसा मान खाली घालून बाहेर पडली.

रविवारी दुपारी जेवताना वडिलांनी निबंध मागितला. तिने आढेवेढे घेतले, पण ते ऐकेनात. टेबलावर राजम्याचं पातेलं होतं, मक्याचा पाव होता. वडिलांनी आधी साखर तपासली, आकडा वहीत टिपला, इन्सुलिन घेतलं. मग कागद हातभर लांब धरून वाचायला लागले. भट्टीवर राठ झालेली बोटं ओळीखालून सरकत होती.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले.

"तुम्हाला राग येईल असं वाटलं होतं."

"राग कशाचा? झालं ते झालं." त्यांनी कागद नीट घडी करून बाजूला ठेवला. "बाई काय म्हणाल्या?"

तिने सांगितलं. चौथ्यांदा बसायचं, एप्रिलमध्ये, शनिवारी. वडिलांनी पावाचा तुकडा मोडला आणि विचारलं, सरावाच्या परीक्षेत किती पडले.

टेसाला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"चारशे सत्त्याण्णव. काल, इथेच माझ्या खोलीत. रात्रभर झोपून उठल्यावर." तिने ताट बाजूला सारलं. "सहा महिन्यांत एक गुणही वाढला नाही, डॅड. आधीही सरावात एवढेच पडायचे. इस्पितळामुळे नाही झालं ते. मलाच जमत नाही. आणि मी हे असं लिहून ठेवलंय."

वडिलांनी हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला.

"मला माहीत आहे, पोरी. पहिल्या परीक्षेच्या आधीपासून माहीत आहे. तुझ्या सरावाचे कागद टेबलावरच पडलेले असायचे. तू स्वतःला बिनडोक समजावंस, हे मला बघवलं नसतं."

"म्हणजे?"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, एप्रिलचं पान उघडलं आणि बोटाने वार मोजले.

"शनिवारी ना? मग या वेळी इन्सुलिन बुधवारीच बंद करतो. गुरुवारी केलं की फार घाई होते."