पिकलचं मुसकं

"साखळी आवळा जरा, बाई. मालक कोण ते कळू दे त्याला," क्लिफर्ड रेस्ट्रिक भिंतीजवळच्या खुर्चीतून ओरडला.

एनिड थ्वेटने मानसुद्धा वळवली नाही. तिने बोटाला मऊ चीज लावलं, मुसक्याच्या जाळीतून आत सरकवलं आणि म्हणाली, "बस, बाळा." पिकल बसला. यॉर्कशरमधल्या त्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये कुत्र्यांचा वर्ग भरला होता, आणि सगळ्यात म्हातारा विद्यार्थी सगळ्यात आधी बसला होता.

"लाच देताय त्याला."

"तुम्ही तरी कधी फुकट कुत्रे शिकवलेत, क्लिफर्ड?"

हा वर्ग पूर्वी क्लिफर्डच घ्यायचा, साखळी आणि आरडाओरडा या दोनच पुस्तकांवर. आता टॅम्सिन घेते. ती प्राण्यांच्या वागणुकीचं शास्त्र शिकून आलेली मुलगी. हॉलची किल्ली मात्र अजून क्लिफर्डकडे, त्यामुळे तो दार उघडायला यायचा आणि नाक खुपसायला थांबायचा. एनिड आली की मधे दोन टेबलं ठेवून बसायचा. लोक म्हणायचे, कुत्रा चावल्यापासून बिचाऱ्याने धास्ती घेतलीय.

चावण्याचं प्रकरण असं. गावच्या हिरवळीवर पिकल काहीतरी हुंगत थांबला. क्लिफर्ड न विचारता पुढे आला, दोरी हिसकावून त्याने पिकलच्या गळ्यात आपली साखळी अडकवली आणि असा झटका दिला की पिकलचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पिकल केकाटला. आणि मग क्लिफर्ड केकाटला. मनगटातून रक्त आलं. तो डॉक्टरकडे गेला नाही, घरीच पट्टी बांधली आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात सगळ्यांना ती दाखवली.

तिथे होते तिघेच. एकाला बोलता येत नव्हतं, एक बोलत नव्हती आणि एक थांबत नव्हता.

क्लिफर्डच्या तक्रारीवरून नगरपालिकेची नोटीस आली. बाहेर नेताना कुत्र्याला मुसकं घालायचं, शिकवणी लावायची, परीक्षा द्यायची. नापास झाला तर त्याला नेऊन मरणाची सुई देणार. एनिडने नोटीस वाचली आणि रागाने चुरगळून खिशात कोंबली. पिकलला तिने अनाथ कुत्र्यांच्या आश्रमातून आणलं होतं. तिच्या रिकाम्या घरात तिची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग सल्ल्यांचा पूर आला. पोस्टमन म्हणाला, त्याला उताणा पाडून दाबून धरा. खाटीक म्हणाला, तुम्ही जेवल्याशिवाय त्याला घास देऊ नका. क्लिफर्डच्या बहिणीने तोंडावर पाणी मारायची बाटलीच आणून दिली. एनिडने त्या पाण्याने खिडकीतली फुलझाडं शिंपली. चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई ती, ना दुसऱ्याच्या पट्टीने कुणाला मारायची, ना स्वतःच्या.

टॅम्सिनने कडक बिस्किटांचा डबा दिला, तो एनिडने परत केला. "त्याला उकडलेल्या कलेजीचा लगदाच आवडतो."

"बरं. पण मला एक सांगा, मिसेस थ्वेट," टॅम्सिन म्हणाली. "उगाच कुणी चावत नाही. आधी काहीतरी घडतं, चावण्याने काहीतरी साधतं. आधी काय झालं?"

"क्लिफर्डने साखळी ओढली."

"आणि चावल्यावर?"

"सोडली."

"म्हणजे चावणं उपयोगी पडलं. हीच तर भीती असते. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा चावा."

"पुन्हा तसंच झालं तर नक्की," एनिड म्हणाली, आणि खिशातलं सफरचंद काढून खाऊ लागली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सफरचंद कापून खाणं तिला मान्य नव्हतं.

"परीक्षेत असं बोलू नका हं," टॅम्सिन घाबरून म्हणाली.

एकदा एनिड स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होती. पिकल रेंगाळत क्लिफर्डपाशी गेला आणि क्लिफर्ड नकळत त्याचा कान खाजवत बसला. एनिड बाहेर आली तसा तो ताडकन उठून खुर्चीमागे गेला.

"महिनाभर माझ्याकडे द्या त्याला," तो खुर्चीमागूनच म्हणाला. "सुतासारखा सरळ करतो. तक्रार मागे घेतो."

"त्यापेक्षा जे घडलं ते सगळं सांगा. अर्धं सांगून झालंय तुमचं."

क्लिफर्डचा चेहरा लाल झाला. "गाव हसेल," तो पुटपुटला.

"हसू दे. वेळ आली तर मी सांगेनच. पण खोटं बोललेल्याने आधी बोलावं."

किल्ली खिशात टाकून तो दाराकडे निघाला.

परीक्षेला नगरपालिकेच्या पशुवैद्य आल्या, डॉक्टर हॉब्ज. निम्मं गाव हॉलमध्ये जमलं होतं. पिकल बसला, थांबला, हाक मारताच आला. थाळी जोरात आपटली तरी शेपूट हलवत राहिला. क्लिफर्ड टेबलांपलीकडून म्हणाला, "नाटक आहे. मुसकं काढा आणि मग बघा."

"काढणारच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटी तोंड तपासायचंच असतं."

एनिडने स्वतःच बक्कल सोडलं. डॉक्टरांनी पिकलचे ओठ वर केले, जबडा उघडला, आत बोट फिरवलं, आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"याला दात नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही. हिरड्या कधीच भरून आल्यात, दोनेक वर्षं तरी झाली असतील."

हॉलमधली सगळी डोकी क्लिफर्डकडे वळली. त्याने बाही खाली ओढली, पण डॉक्टर टेबलांना वळसा घालून पोचल्याच. मनगटावर वर एक आणि खाली एक, दातांच्या सुबक कमानी उमटल्या होत्या.

"मिस्टर रेस्ट्रिक," त्यांनी विचारलं, "मग हे चावलं कोण?"

एनिडने खिशातलं सफरचंद काढलं आणि त्याचा कचकन लचका तोडला.