कुरव की सुरय

पक्ष्यांवर संशोधन करणारी लेक दूर देशी राहायची. तिच्या नादाने आईने उतारवयात गळ्यात दुर्बीण अडकवली, पण विद्या काही अंगी लागेना. आजही किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून तिने लेकीला फोन लावला. शेजारी थर्मास सांभाळत बसलेल्या वडिलांना लेकीचीच कीव आली.

“पांढरा आहे गं. शेपटी पंख्यासारखी गोल. सुरय ना?”

“आई, गोल शेपटी म्हणजे कुरव! सुरयाची कात्रीसारखी दुभंगलेली असते. कितीदा सांगू?”

“परत एकदा सांग. सावकाश.”

लेकीने पार चोचीपासून सुरुवात केली. ती थांबली तोवर वडिलांचा चहा पिऊन झाला होता.

फोन ठेवून आईने दुर्बीण उचलली. “अहो, त्या खडकामागे तुतवार आहे बघा, बूड हलवतोय. आणि वर उडतोय तो सुरय.”

वडिलांनी पुस्तक काढून ताडून पाहिलं. दोन्ही बरोबर होते.

“अगं, मग मघाशी पालथा घडा का झाली होतीस?”

“बरोबर ओळखला की ती ‘शाब्बास आई’ म्हणते आणि फोन ठेवते.”