टाकीचा काटा

दादाच्या ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा कायम ‘फुल’वर अडकलेला असायचा. टाकी कोरडी पडली तरी हा आपला भरलेलाच. अगदी मालकावर गेलेला.

मी टाकीत डिझेलवर तरंगणारा फ्लोट बदलला, नवं मीटर बसवलं आणि जुनं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वायर सुटताच काटा शून्यावर पडला. पण दुपारी दादा गॅरेजच्या दारात आला आणि तो मेलेला काटा सरसर ‘फुल’वर चढला.

दादा हात धुवायला मागे गेला, काटा खाली आला. दादा परतला, काटा वर. मी मीटर माझ्या छातीशी धरून पाहिलं. शून्य. हललासुद्धा नाही.

म्हणजे इथेही भरलेला तोच! आईबापांचा लाडका तो, शेत त्याला, ट्रॅक्टर त्याला. माझी बायकोसुद्धा हसते ती त्याच्याच विनोदांना.

आताही गॅरेजात उभी राहून हसत होती. दादा स्टुलावर बसून तिला कुठलासा किस्सा रंगवून सांगत होता.

काटा अडकला की आम्ही मेकॅनिक काचेवर टिचकी मारतो. हाताची सवयच ती. मी मारली. काटा अर्ध्यावर उतरला.

किस्सा तिथेच थांबला. दादाने स्टुलाची कड घट्ट धरली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“छोट्या, अंगातलं बळच गेलं रे एकदम. जरा हात दे.”

“अहो, बघत काय बसलात? धरा ना भाऊजींना!” बायको ओरडली.

“आलो, दादा,” मी म्हणालो आणि काचेवर दुसरी टिचकी मारली.